पत्रिकेतली शेवटची ओळ

माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि घरात पहिलं भांडण झालं ते पत्रिकेवरून. मी म्हणत होते, चांगली छापील पत्रिका आणू, जाड कागदाची, सोनेरी कडेची, पाकिटासकट. चार लोकांच्या हातात द्यायची वस्तू आहे. तर ही म्हणाली, "आत्या, पत्रिका आम्ही घरीच करणार आहोत."

आम्ही म्हणजे ती आणि तिचा चष्मेवाला. दोघंही एकाच डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला. ती वरच्या मजल्यावर लोकांचे डोळे तपासते, हा खालच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. ती नंबर लिहून कागद खाली पाठवायची, हा मुद्दाम अक्षर कळत नाही म्हणून वर विचारायला यायचा. असं करत करत प्रकरण लग्नापर्यंत आलं.

"घरी म्हणजे कशी करणार?" मी विचारलं.

"दवाखान्यात भिंतीवर तक्ता असतो ना, अक्षरांचा? वर एक मोठ्ठं अक्षर आणि खाली येईल तशी अक्षरं बारीक. अगदी तशी."

वरती एकच अक्षर, तळहाताएवढं: 'या'. त्याखाली 'आमच्या लग्नाला'. त्याखाली दोघांची नावं, मग वार-तारीख, आणि सगळ्यात खाली, मोहरीएवढ्या अक्षरांत, वेळ आणि ठिकाण.

"म्हणजे लोकांना 'या' तेवढं वाचता येणार," मी म्हटलं, "आणि कुठे यायचं ते कळायला आधी तुमच्या दवाखान्यात यावं लागणार."

"मग चष्मा आमच्याकडेच करतील, आत्या," चष्मेवाला म्हणाला आणि स्वतःच हसला. या मुलाची हीच पंचाईत आहे. त्याच्यावर रागवायला जावं तर तो हसून मोकळा होतो आणि आपला राग आपल्याच हातात राहतो. पण खरं सांगायचं तर मला तो पहिल्यापासून आवडला. दोनदा लग्न पुढे गेलं तरी तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही त्यानं.

पहिल्यांदा लग्न पुढे गेलं ते वहिनीच्या दुखण्यामुळे. भाचीनं आईची उशाशी बसून सेवा केली आणि वहिनी गेली. मी तेव्हाच माझी खोली सोडून भावाच्या घरी राहायला आले. मग वर्ष उलटलं, पुन्हा ठरवाठरवी झाली, तर दादा जिन्यावरून पडला आणि पाय मोडून घेतला. मी घरात होते, चष्मेवाला रोज येऊन डबे पोचवत होता, पण ही ऐकेल तर शपथ. "बाबा चालायला लागल्याशिवाय नाही," म्हणाली. दादा चालायला लागला आणि आता कुठे तिसऱ्यांदा तारीख धरली होती.

माझ्या भावाचं घराखालीच दुकान आहे, घड्याळं दुरुस्त करायचं. काउंटर, वर लोंबणारा दिवा, हिरवं कापड आणि त्यावर पसरलेले चिमुकले स्क्रू. डोळ्यात भिंग अडकवून तो बसला की आजूबाजूला काय चाललंय याची त्याला शुद्ध नसते. त्याच्या नजरेचं आमच्या पोरीला भारी कौतुक. दवाखान्यात सांगते, "आमच्या बाबांना या वयातही चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो."

एका दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. दादा एका बायकी घड्याळावर वाकला होता. मी कप ठेवला तरी त्यानं वर पाहिलं नाही, म्हणून मीच वाकून पाहिलं. त्याच्या हातातल्या पेचकसाचं टोक स्क्रूवर नव्हतंच. स्क्रूच्या शेजारी धातूवर ते घसरत होतं, तो ते उचलत होता, आणि पुन्हा शेजारीच ठेवत होता. तिथे चांगले ओरखडे पडले होते.

"दादा, स्क्रू इकडे आहे," मी म्हटलं.

त्यानं पेचकस खाली ठेवला. भिंग काढलं, डोळे चोळले आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

"ओरडणार नसशील तर सांगतो, भोंगा," तो म्हणाला.

मला तो लहानपणापासून भोंगा म्हणतो. मी पुढे नोकरीही नेमकी बसस्थानकावर घोषणा करायचीच धरली, त्यामुळे ते नाव पक्कंच झालं. ओरडायचं नाही हे मला कठीणच, पण त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझा आवाजच बसला. डाव्या डोळ्यानं बरेच दिवस नीट दिसत नव्हतं. भिंग उजव्या डोळ्याला लावतो म्हणून त्यानं तिकडे दुर्लक्ष केलं. आता उजव्यातही तेच सुरू झालं होतं. सरळ रेघ मधोमध वाकडी दिसायची. जिथे नजर लावावी तिथेच डाग. चालता-फिरता येत होतं, जिना दिसत होता, गाड्या दिसत होत्या. बारीक काम तेवढं संपलं होतं. गिऱ्हाईक आलं की हाताच्या अंदाजानं सेल बदलून द्यायचा आणि बाकी घड्याळं "याचा पार्ट मिळत नाही हो" म्हणून परत करायचा.

"घरात डोळे तपासणारी पोर आहे आणि तू अंधारात चाचपडतोयस?" मी म्हटलं. "आज आली की सांगते तिला."

"सांग. म्हणजे तिसऱ्यांदा लग्न पुढे." त्यानं माझा हात धरला. "तिचं तुला माहीत नाही का? बापाचे डोळे गेले म्हटल्यावर ती हलेल का इथून? लग्न होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पायांनी तिच्या खुर्चीत जाऊन बसतो. तोवर तोंड मिटून बस."

मी बसले. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही, पण पोरीचं लग्न मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि दादाच्या डोळ्यात काय चाललंय ते दिसत नव्हतं. इतके दिवस गेले, अजून थोडे, असं मी मनाला समजावलं. तरी जेवताना तो ताटात हात फिरवून वाटी शोधायला लागला की मी ती गुपचूप त्याच्या बोटांशी सरकवायची.

वर घरात पत्रिकांचा कारखाना सुरू झाला होता. चष्मेवाल्यानं कुठूनशी जाळी ताणलेली लाकडी चौकट आणली. चौकट कागदावर ठेवायची, वर शाई ओतायची, रबरी पट्टीनं ती एका दमात खाली ओढायची आणि चौकट उचलायची. खाली 'या' उमटलेला असायचा, ओला आणि काळाभोर. जेवणाचं टेबल गेलं, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. बाहेरच्या खोलीत दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पत्रिका वाळत घातल्या होत्या. एका खोलीतून दुसरीत जायचं तर मला वाकून जावं लागायचं, आणि दोनदा शाई केसांना लागली. शेवटची ओळ मात्र जाळीतून उतरेना. इतक्या बारीक अक्षरांत शाई भरायची आणि नुसता काळा पट्टा उमटायचा. मग भाचीनं ठरवलं, तेवढी एक ओळ प्रत्येक पत्रिकेवर आपण बारीक पेननं हातानं लिहायची. कामावरून आली की दिव्याखाली मान घालून लिहीत बसायची.

पहिली पत्रिका पुरी झाली तेव्हा चष्मेवाल्याच्या डोक्यात खूळ आलं. त्यानं ती भिंतीला चिकटवली आणि म्हणाला, "चला, सगळ्यांची परीक्षा. स्वयंपाकघराच्या दारातून वाचायचं."

मी नावांपर्यंत पोचले आणि हात वर केले. चष्मेवाला तारखेपर्यंत गेला.

"आता बाबा!" भाची म्हणाली. "बघ हं, बाबा शेवटची ओळ वाचतात की नाही."

दादा दारात येऊन उभा राहिला. भिंतीकडे बघत नुसता हसत राहिला. मला दुसरं काही सुचलं नाही, मी जोरात ओरडले, "अगं बाई, दूध उतू गेलं!" सगळे आत धावले. गॅसवर दूध काय, पातेलंसुद्धा नव्हतं. भाचीनं माझ्याकडे असं पाहिलं की आत्याचं आता वय झालंय असंच तिला वाटलं असणार. मी तेही सोसलं.

पण रविवारी चष्मेवाल्याचे आई-वडील यायचे होते आणि त्यांच्यासमोर हा खेळ पुन्हा होणार हे उघड होतं. दूध दरवेळी कसं उतू जाणार? म्हणून आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी दुपारच्या वेळी दुकानात शाळा भरवली. वरच्या ओळी दादाला ठाऊकच होत्या. शेवटची मी वाचायची आणि त्यानं पाठ करायची.

"सकाळी अकरा वाजता, नदीकाठचा रस्ता, वाचनालयाचं सभागृह, पहिला मजला," मी वाचलं.

"सकाळी अकरा वाजता, वाचनालयाचं सभागृह..."

"नदीकाठचा रस्ता खाल्लास. पुन्हा म्हण."

एखादं गिऱ्हाईक डोकावलं की तो घड्याळ हातात घेऊन गंभीर चेहरा करायचा आणि मी वर्तमानपत्र उघडायची. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी आम्ही हसलोही पुष्कळ. लहानपणी वडिलांची नजर चुकवून उद्योग करायचो, तसंच वाटत होतं.

रविवारी पाहुणे आले. चहा झाला, पत्रिकेचं कौतुक झालं. "कल्पना चांगली आहे," चष्मेवाल्याची आई म्हणाली, "पण आमच्याकडच्या मंडळींना ठिकाण फोन करून सांगावं लागेल." मला ती बाई एकदम पटली.

"का? आमचे बाबा इथून वाचतात," भाची म्हणाली आणि तिनं पत्रिका भिंतीला लावली.

दादा उठला. दारापाशी गेला, हात मागे बांधले आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचून काढलं. शेवटची ओळ तर एका दमात, न अडखळता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "या वयात अशी नजर!" चष्मेवाल्याचे वडील म्हणाले. मी इतकी खुशीत आले की त्यांना आग्रह करकरून बिस्किटं वाढली. भाचीनं तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं रिकामे कप गोळा केले आणि आत घेऊन गेली. दमली असेल, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी ती कामावर जायच्या तयारीत स्वयंपाकघरात आली. दादा चहा पीत होता, मी भाजी चिरत होते. तिच्या हातात एक पत्रिका होती.

"बाबा, सगळ्या लिहून झाल्या. ही तुमची."

"वा!" दादानं कप बाजूला सारून पत्रिका दोन्ही हातांत धरली.

"वाचा ना. शेवटची ओळ बरोबर झाली का बघा."

दादानं पत्रिका जवळ घेतली, लांब धरली, मान डोलावली. "सकाळी अकरा वाजता," तो म्हणाला, "नदीकाठचा रस्ता, वाचनालयाचं सभागृह, पहिला मजला. एक नंबर! अक्षर म्हणजे मोती आहेत."

 भाचीनं ती पत्रिका त्याच्या हातातून काढून घेतली आणि माझ्यासमोर, चिरलेल्या भाजीशेजारी ठेवली.

"आत्या, आता तू वाच."

मी चष्मा लावला. वरच्या ओळी त्याच होत्या. खालची निराळी होती. मी ती मनात वाचली आणि माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

सगळा जन्म मी मोठ्यानं वाचण्यात घालवला. भर गर्दीत, हजार माणसांच्या कलकलाटात माझा आवाज कधी कापला नाही. त्या सकाळी माझ्याच्यानं जेमतेम ऐकू येईल एवढंच बोलवलं.

"बाबा, तुम्हाला ही ओळ दिसत नाही. लग्न ठरल्या दिवशीच होईल. आज माझ्याबरोबर चला."

दादा कप शोधायला लागला. तो त्याच्या उजव्या हातालाच होता. मी सरकवून दिला, तर त्यानं तो नुसताच धरून ठेवला.

"कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"रविवारी. वाचणाऱ्याचे डोळे हलतात बाबा, ओळीवरून सरकतात. मी दिवसभर तेच बघत असते. तुमचे हललेच नाहीत. आणि 'पहिला मजला' तुम्ही अगदी आत्याच्या सुरात म्हणालात, बस लागली आहे असं सांगितल्यासारखं." ती हे बोलली तेव्हा मला हसू येईल असं वाटलं, पण तिचा चेहरा पाहून ते कुठच्या कुठे गेलं. "दवाखान्यात लोक रोज तक्ता पाठ करून येतात. नोकरी जाईल म्हणून येतात, लाज वाटते म्हणून येतात. त्यांना मी दुसरा तक्ता लावते. घरात लावावा लागेल असं वाटलं नव्हतं."

"तू लग्न पुढे ढकललं असतंस."

"ढकललं असतं! पंधरा दिवस ढकललं असतं, बाबा! यात एक एक आठवडा महत्त्वाचा असतो, तुम्हाला काही कल्पना आहे?" तिचा आवाज चढला आणि मग फुटला. "मी परक्या माणसांच्या डोळ्यांत रोज दिवा धरून बघते. आणि माझ्या घरात..." ती माझ्याकडे वळली. "आणि तू, आत्या? तुला माहीत होतं."

 तुझ्यासाठीच गप्प बसलो, असं तिच्या तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही. मी हात धुतले आणि चपला घातल्या.

दवाखान्यात दुपार गेली. डोळ्यांत थेंब घातले, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, पडद्याचे फोटो काढले. चष्मेवाला खालून दर थोड्या वेळानं वर येऊन दादाजवळ बसून जायचा, हसत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब होत होता. डाव्यातलं गेलं ते गेलं, परत यायचं नाही. उजव्यात इंजेक्शनं देऊन आहे ते धरून ठेवता येईल, कदाचित थोडं सुधारेलही. घड्याळाचं काम विसरायचं. "आधी आला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. त्या रागानं बोलल्या नाहीत, पण मला ते वाक्य अजून टोचतं.

इंजेक्शनाला वेळ होता, म्हणून भाचीनं त्याला आपल्या खोलीत नेलं आणि ज्या खुर्चीत ती रोज परक्या माणसांना बसवते त्या खुर्चीत बसवलं. मी दाराजवळच्या स्टुलावर टेकले. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. सकाळपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

"बाबा, मी कशी दिसते तुम्हाला आता? खरं सांगा."

 "केस दिसतात," तो म्हणाला. "खांदे दिसतात. कुठला रंग घातलायस ते कळतं."

"आणि चेहरा?"

"ज्याच्याकडे बघतो त्याचा चेहरा पुसला जातो गं."

मला हे त्यानं सांगितलं नव्हतं. बारीक काम तेवढं जमत नाही, एवढंच म्हणाला होता. इतके दिवस तो आमच्यासोबत जेवत होता, हसत होता, माझी थट्टा करत होता, आणि समोर माणसं नव्हतीच. मला स्टुलावर बसवेना.

"तुम्ही घड्याळाकडे बघता तसं बघताय," भाची म्हणाली. तिचा आवाज आता पेशंटशी बोलताना असतो तसा शांत होता. "जे बघायचं ते नजरेच्या बरोबर मध्ये धरताय. तिथेच तर डाग आहे. बाजूचं शाबूत आहे, ते वापरायला शिकायचं. माझ्या चेहऱ्याकडे बघूच नका. माझ्या कानाकडे बघा. ह्या. नजर तिथेच ठेवायची आणि लक्ष फक्त माझ्याकडे."

दादानं मान थोडी वळवली. नजर कानावर गेली आणि लगेच सवयीनं तिच्या चेहऱ्यावर परत आली.

"नाही, कानाकडे. पुन्हा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही झालं. मग तिनं त्याची हनुवटी दोन बोटांत धरली, मान वळवली आणि तशीच धरून ठेवली. दादाची नजर तिच्या कानावर थांबली. तो पापणी न हलवता बसून राहिला.  त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि त्यानं हात उचलून आधी तिच्या गालाला लावला, मग डोळ्याखाली.

"किती वाळलीस गं तू," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही."